सरांच्या अर्ध्या ओळी

फोनमधली बाई पहिल्या ओळीच्या शेवटी थांबली, दुसऱ्या ओळीच्या शेवटी थांबली, आणि सहाव्या-सातव्या ओळीला प्रेमलाकाकूंनी हात वर केला.

"बंद कर गं, उल्के. ही बाई वाचतेय की पर्वती चढतेय? चार पावलं टाकते की दम खाते."

उल्काने फोनवर बोट टेकवलं. सदाशिव पेठेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एकदम शांत झालं. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती काही केल्या सुरू होत नव्हती.

"बाईचा दोष नाही, काकू. सरांनी प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारलंय. हिला वाटतं, तिथं वाक्य संपलं."

"सगळ्या ओळींना?"

"पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत."

"मारणारच. जन्मभर घंटी वाजली की हात फिरवलाय त्या माणसाने. कॉम्प्युटर आला म्हणून हात काय नवीन बसवून घेणार होते?"

दीनानाथ सरांचा शनिवार पेठेत टायपिंगचा क्लास होता. पाटीवर 'टंकलेखन' लिहिलेलं, पण त्या नावाने तो कुणालाच ठाऊक नव्हता. कॉम्प्युटरने क्लास बंद पाडला तेव्हा सरांनी शत्रूलाच घरी आणावं तसा एक कॉम्प्युटर घेतला, या खोलीच्या खिडकीशी मांडला आणि क्लासच्या आठवणी टाइप करायला बसले. "पुरं झालं की वाचून दाखवतो," असं काकूंना सांगून ठेवलं होतं. "मधेमधे मिळणार नाही." पुरं काही झालं नाही. सर गेले, आणि त्यांच्यामागोमाग काकूंची नजर गेली. म्हणजे अगदी सगळी नाही. समोर बसलेला माणूस दिसत नसे, त्याच्या शेजारचं कपाट दिसे. "बरं आहे," काकू म्हणत, "माणसांपेक्षा कपाटं कमी बोलतात."

वाचून दाखवायला माणसं नव्हती असं नाही. मुलगा आमोद बाणेरला राहायचा, रविवारी यायचा, तो तयार होता. उल्का तर कधीही तयार होती. पण काकूंना माणूस नको होता.

"ओळखीचं माणूस वाचायला लागलं की मी त्याच्या आवाजाकडेच लक्ष देते," त्या म्हणाल्या. "पुढं काही नाजूक आलं की त्याचा आवाज आधीच ओला होतो. यंत्राला त्याचं सोयर ना सुतक. तू शेजारी बसलीस तर चालेल. तू टायपिस्ट. टायपिस्ट कुठं वाचतात?"

नाजूक म्हणजे काय, तेही त्यांनी उल्काला सांगून टाकलं होतं, भाजी निवडता निवडता, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट. लग्नाच्या चौथ्या वर्षी त्या दिवाळीला वाईला माहेरी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. "सकाळी सहापासून रात्रीपर्यंत टिंग, टिंग, टिंग. मी माणसाशी लग्न केलं होतं, घंटीशी नाही." मग चैत्रात एक दिवस आपणहून एसटीत बसून परत आल्या. सरांनी दार उघडलं, "जेवलीस का?" एवढं विचारलं, आणि तो विषय दोघांनी जन्मात पुन्हा काढला नाही.

"रागावले होते, का सुटलो म्हणाले होते, का वाट बघत होते, मला काही कळलं नाही. विचारायची सोय नव्हती आणि सांगायची त्यांना सवय नव्हती. लिहिलं असेल तर तेवढं ऐकायचंय."

"मी शोधून देते की. नाव टाकलं की क्षणात सापडेल."

"नको. असं हुडकून काढलेलं नको. त्यांच्या ओघात ते जिथं येईल तिथं येऊ दे."

आणि ओघाचंच तर सगळं अडलं होतं. आधी आमोदने कुठल्याशा ॲपला मजकूर दिला. त्याने ओळी जोडल्या, आणि त्याच हाताने सरांची भाषाही सुधारून टाकली. 'पोरींनो, बोटं मोडली तर चालतील, यंत्र मोडू नका,' याचं 'प्रिय विद्यार्थिनींनो, यंत्राची योग्य काळजी घ्या' झालं. काकूंनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "हे आमच्याकडचे नव्हेत." आता हे दम खाणं.

"आता एकदाच," काकू म्हणाल्या. "जमलं तर जमलं. नाही तर राहू दे. इतकी वर्षं नाही कळलं, आणखी नाही कळलं तर काही आभाळ कोसळत नाही."

पण हे म्हणताना त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. ते उल्काने पाहिलं.

उल्काचं घर म्हणजेच तिचं ऑफिस. याच पेठेत, दोन गल्ल्या सोडून. पुस्तकांची, लग्नपत्रिकांची, अधूनमधून प्रबंधांची अक्षरजुळणी करून तिचं बरं चाललं होतं. जुन्या फॉन्टमधला सरांचा मजकूर तिने आधीच नव्या अक्षरांत आणून ठेवला होता. राहिल्या होत्या ओळी. हाताने जोडायच्या म्हटलं तर एकेका ओळीच्या शेवटी जा, डिलीट दाब, स्पेस दे. तेवढ्यात काकूंची उरलीसुरली नजरही गेली असती.

म्हणून तिने काळी खिडकी उघडली. ही काळी खिडकी, जिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसता एक चौकोन लुकलुकतो आणि हुकूम लिहायची वाट बघतो, तिची ओळख तिला कुठल्या क्लासात झाली नव्हती. यूट्यूबवर पाटण्याकडचा एक मुलगा 'दोस्तों, घबराना नहीं' म्हणत शिकवायचा, त्याच्याकडे ती पोळ्या लाटता लाटता शिकली. घाबरली पुष्कळदा. एकदा सगळ्या फाइली उडवून बसली होती. पण त्यात एक गंमत होती: इथं बघत बसायचं काही नव्हतंच. बोटांनी करायचं काम होतं, आणि बोटं सरांनी तयार केलेली होती.

क्लासच्या दिवसांत खडकीहून सकाळची लोकल पकडून ती शिवाजीनगरला उतरायची आणि तिथून चालत शनिवार पेठेत. वडील दारूगोळा कारखान्यात. मुलीने टायपिंग केलं की कुठंतरी चिकटेल, एवढाच हिशोब. क्लासची खोली लांबट आणि अरुंद. दोन्ही भिंतींना यंत्रं, मधून सर हातात पट्टी घेऊन फिरत. पट्टी कुणाला लागल्याचं तिला आठवत नव्हतं. ती टेबलावर आपटायला होती. शाईच्या रिबिनीचा वास, तेलाचा वास, सगळ्यांच्या ओळी निरनिराळ्या वेळी संपत म्हणून सगळीकडून येणारं टिंग, टिंग. घंटी वाजली की चार-पाच अक्षरांत शब्द संपवायचा, नाही संपला तर छोटी रेघ देऊन तोडायचा, आणि डाव्या हाताने दांडी ढकलून कॅरेज परत आणायची. परिच्छेद सुरू करताना पाच जागा सोडायच्या. दोन परिच्छेदांत कोरी ओळ नाही. कागद काय झाडाला लागतो का, असं सर म्हणत, आणि मग स्वतःच हसत. आणि तास संपो न संपो, खुर्चीवरून उठायचं तर कॅरेज परत आणून उठायचं. "दुसऱ्याच्या अर्ध्या ओळीवर कुणाला बसायला लागू नये." हा त्यांचा धर्म होता.

पहिल्या खेपेला उल्काने घाईच केली. टीआर नावाचा एक छोटासा हुकूम आहे. हे काढ आणि ते घाल, इतकंच त्याला कळतं. तिने त्याला सांगितलं, एंटर दिसेल तिथं मोकळी जागा घाल. डोळ्याचं पातं लवायच्या आत सरांच्या साऱ्या आठवणींची मिळून एकच एक ओळ झाली. क्लासचं उद्घाटन, मुलींच्या परीक्षा, यंत्रांचे आजार, सगळं एका दमात, कुठं परिच्छेद म्हणून नाही. तिने थोडं वाचायला लावलं तर बाईला श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

"आता पर्वतीवरून ढकलून दिल्यासारखी उतरतेय," उल्का स्वतःशीच म्हणाली आणि ते पुसून टाकलं. मूळ फाइल अर्थात तिने वेगळी ठेवली होती. ते शहाणपण फाइली उडाल्यावर आलेलं.

मग तिने चहा केला आणि नीट विचार केला. सरांच्या फाइलीत कोऱ्या ओळी नव्हत्या, पण पाच जागा होत्या. जिथं ओळ पाच जागा सोडून सुरू होते तिथं नवा परिच्छेद. बाकी सगळ्या ओळी आदल्या ओळीच्या शेपटीला जोडायच्या. ऑक नावाचा हुकूम अशा कामाला चांगला. घरकामाला आलेल्या नव्या बाईला सांगावं तसं त्याला सांगावं लागतं, पण एकदा समजलं की कुरकुर नाही. हातातली ओळ लगेच खाली ठेवू नकोस. पुढची बघ. तिच्याआधी पाच जागा असतील तर हातातली ठेवून दे. नसतील तर हिला तिच्यात जोड आणि पुन्हा पुढची बघ. त्याआधी सेड नावाच्या आणखी एका हुकुमाला बसवलं: ओळीच्या टोकाला तुटलेल्या शब्दाची रेघ असेल तर रेघ काढ आणि मधे जागा न सोडता शब्द सांध. 'परी-' आणि 'क्षा' एकमेकांना भेटले. 'खड-' आणि 'की' भेटली. उल्काला उगीचच बरं वाटलं.

मजकूर वाचायचा मोह तिने टाळला. सरांचं पूर्वीपासूनचं सांगणं होतं: डोळ्यांनी वाचा, डोक्याने नको, नाही तर चुका होतात. तिने परिच्छेद तेवढे तपासले आणि शनिवारी दुपारी लॅपटॉप आणि फोन पिशवीत घालून काकूंकडे गेली.

यावेळी बाई पर्वती एका लयीत चढली.

'क्लासात बोलायला बंदी नव्हती,' बाई वाचत होती. 'कुणाला ऐकू येत नसे, एवढंच.'

काकू हसल्या. "हे आमच्याकडचे."

'एका मुलीने विचारले, सर, बोटांकडे बघायचे नाही, तर बघायचे कुठे? मी म्हटले, भिंतीवर घड्याळ आहे. ते चुकीचे चालते, त्यामुळे तुझा वेळ जाणार नाही. तिकडे बघ.'

उल्का एकदम सरळ बसली. ती मुलगी म्हणजे ती स्वतःच होती. त्या वेळी तिला रडू आलं होतं, हे सरांनी लिहिलं नव्हतं. किंवा त्यांनी पाहिलंच नसेल, पाठमोरे असतील.

दुपार सरकत गेली. एक पोरगी परीक्षेत दुसऱ्याचीच उत्तरपत्रिका टाइप करून आली ते झालं, यंत्रात झुरळ शिरलं ते झालं. काकू खुर्चीत मागे टेकून, डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच हसत, मधेच "खोटं आहे, झुरळ मी मारलं होतं," म्हणत. आणि मग, कसलीही चाहूल न देता, बाईने वाचलं:

'त्या चैत्रात प्रेमला वाईहून परत आली आणि त्या साली मराठीच्या परीक्षेला बसणारी मुले दुप्पट झाली.'

मग काकू खो खो हसत सुटल्या.

"माझ्या पायगुणाने?"

उल्कालाही हसू आवरेना. पण बाई परीक्षेचं पुढे वाचत राहिली, केंद्र कुठलं, पर्यवेक्षक कोण, आणि काकूंचं हसू हळूहळू उतरत गेलं.

"मागं घे," त्या म्हणाल्या. "पुन्हा लाव."

पुन्हा तेच. प्रेमला परत आली आणि मुलं दुप्पट झाली.

"एवढंच?"

"काकू, थांबा. सर असं वाक्य लिहिणार नाहीत. माझंच काहीतरी चुकलंय."

तिने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि मूळ फाइल काढली, सरांनी सोडली तशी, प्रत्येक ओळ तुटलेली. ती जागा सापडली. वरच्या ओळी भरलेल्या, खालच्या भरलेल्या. मधे ही एक. 'त्या चैत्रात प्रेमला वाईहून परत आली आणि'. 'आणि'च्या पुढे सगळी जागा कोरी. खालची ओळ पाच जागा न सोडता सुरू झाली होती, म्हणून ऑकने सांगितल्याप्रमाणे इमानाने तिला वरच्या ओळीच्या शेपटीला जोडून टाकलं होतं.

"काय गं? बोल की."

"ओळ अर्धी आहे, काकू. घंटी वाजायच्या आधीच सोडलीय." सरांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर उजवीकडे लाल चिकटपट्टीची उभी रेघ लावली होती, ओळ तिथवर आली की ते तोंडाने टिंग म्हणत आणि एंटर मारत, हे उल्काने स्वतः पाहिलं होतं. या ओळीला टिंग झालंच नव्हतं. "सर अर्धी ओळ कधी सोडत नसत. सोडायचे ते फक्त..."

ती थांबली. अरुंद खोली, पट्टी, तेलाचा वास.

"फक्त उठताना," ती म्हणाली. "उठायचं तर कॅरेज परत आणून उठायचं. सर इथं खुर्चीवरून उठले होते."

काकूंनी मान खिडकीकडे वळवली, जिथं कॉम्प्युटर असायचा. आता तिथं तुळशीची कुंडी होती. ती त्यांना दिसत होती की तिच्या शेजारचा पडदा, कोण जाणे.

"स्वतःहून उठणारा माणूस नव्हता तो," त्या म्हणाल्या. "जेवायला वाढलं तरी उठायचे नाहीत. मी हाक मारली की उठायचे. अहो, जरा येता का, म्हटलं की लगेच. त्याबाबतीत नाव ठेवायला जागा नाही."

"म्हणजे..."

"म्हणजे मीच." काकू म्हणाल्या, "कशाला मारली असेल मी हाक? बरणीचं झाकण घट्ट बसलं असेल. तेव्हा माझं मनगट गेलं होतं. नाही तर गॅसवाला आला असेल. नाही तर काहीच नसेल, दुधाकडे बघा म्हणून." त्यांनी पदर बोटाला गुंडाळला. "माणूस जन्मात एकदा सांगायला बसला आणि मी त्याला दुधावर उभं केलं."

"परत येऊन बसले तेव्हा पुढचं विसरले असतील, काकू."

"विसरले असतील," काकू म्हणाल्या. "किंवा विसरले नसतील. सोयच झाली असेल त्यांची."

खाली स्कूटर आज पहिल्या किकला सुरू झाली आणि निघून गेली. अशा वेळी उल्काची बोटं काहीतरी करू लागत. तिने काळी खिडकी उघडली. ऑकला विचारलं: भरलेल्या ओळीच्या निम्म्याहूनही कमी असलेल्या आणि ज्यांच्यानंतर नवा परिच्छेद नाही अशा ओळी दाखव. काना-मात्रा यंत्र वेगळ्या मोजतं, तेव्हा अंदाज जरा सैलच धरला. तिला वाटलं, दोन-चार निघतील.

पडदा भरला. वर सरकला, पुन्हा भरला.

"काकू, अशा पुष्कळ आहेत."

"कशा?"

"अर्ध्या. ऐका. 'नव्या यंत्राचे खोके उघडले तेव्हा' इथं उठले. बाकीचं वाक्य खालच्या ओळीत पुरं केलंय. 'कुलकर्ण्यांची धाकटी मुलगी डावखुरी असल्याने' इथं उठले. 'परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्या यंत्रांना तेल' उठले. तेल घालायचं खाली आहे."

"तेलाच्या वेळी दार वाजलं असेल," काकू म्हणाल्या. "पुढची सांग."

उल्का वाचत गेली. काही ठिकाणी काकू लगेच सांगत: हे दूध, हे पाणी आलं ते, ही माळ्यावरची परात. आठवत होतं की रचत होत्या, ते विचारण्यात अर्थ नव्हता. काही ठिकाणी नुसतं "हं" म्हणत.

"माझं नाव आणखी कुठं आहे का गं? आता शोध. आता माझी ना नाही."

उल्काने शोधलं. "नाव एकदाच आहे, काकू."

"आणि हाका?"

"हाका पानोपानी."

काकूंच्या चेहऱ्यावर हळूच काहीतरी पसरलं, हसू म्हणावं तर पुरतं हसू नव्हे. "बघ म्हणजे. आमोदच्या त्या ॲपने मला साफ पुसूनच टाकलं होतं की नाही?"

"मीही पुसलं होतंच," उल्का म्हणाली. "जोडून."

"मग त्या जोडू नकोस. बाकीच्या जोड. त्या घंटीच्या आहेत, त्यांच्याशी माझं काही देणंघेणं नाही."

त्याला फारसा वेळ लागला नाही. ऑकला आणखी एक गोष्ट समजावली: हातातली ओळ आखूड असेल तर तिला कुणाला जोडू नकोस, तशीच ठेव, आणि खाली एक मोकळी ओळ सोड म्हणजे बाई जरा थांबेल. काकूंनी तेवढ्यात चाचपडत जाऊन चहा ठेवला, आणि बरणीचं झाकण उघडेना तेव्हा आतून हाक मारली, "उल्के, जरा येतेस का?" उल्का निमूट उठली. उठण्याआधी तिचं बोट आपसूक एंटरवर पडलं, आणि मग तिच्या ते लक्षात आलं.

चहा झाल्यावर त्यांनी पहिल्यापासून लावलं. बाई वाचायला लागली, घंटीपाशी न अडखळता, आणि मग 'नव्या यंत्राचे खोके उघडले तेव्हा' म्हणून थांबली.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "जरा येता का?"

बाई पुढे वाचू लागली. उल्का खिडकीतून खाली बघत राहिली. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. डावखुऱ्या मुलीपाशी पुन्हा थांबा आला. "अहो," काकू म्हणाल्या, "दूध." तेलापाशी म्हणाल्या, "दार वाजतंय." एका ठिकाणी नुसतंच "अहो", काम काही नाही. उन्हं तुळशीवरून उतरून फरशीवर आली. झुरळ येऊन गेलं; ते मी मारलं होतं, हे काकूंनी पुन्हा एकदा सांगितलं.

'त्या चैत्रात प्रेमला वाईहून परत आली आणि'

बाई थांबली.

उल्का मान न वळवता वाट बघत राहिली. काकूंचे दोन्ही हात मांडीवर होते आणि ओठ मिटलेले. या खेपेला त्यांनी हाक मारली नाही.